गाळलेलं प्रकरण

लिलाबाई बैसाणे निवृत्त झाल्या, त्या दिवशी एरंडोलच्या आरोग्य केंद्रात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. डॉक्टर भाषणात म्हणाले की तालुक्यातली निम्मी प्रजा बाईंनी जगात आणली. लोक हसले, लिलाबाईही हसल्या. त्यांची सगळी नोकरी खेड्यापाड्यांत गेली होती. आधी सायकलवर, मग एसटीनं आणि शेवटची काही वर्षं जीपनं. नवरा आधार बैसाणे प्राथमिक शिक्षक होता, तो लवकर गेला. मुलगा वाल्मीक एम.ए. होऊन गावातल्याच कॉलेजात मराठी शिकवत होता. लिलाबाईंना आता घरात बसून नातवंडं सांभाळायची होती, एवढंच सगळ्यांना वाटत होतं.

त्या लिहायला बसल्या त्याला एक लग्न कारण झालं. आरोग्य केंद्रातल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर मांडवात खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. नांदखेड्याचा एक म्हातारा शेतकरी कॉलेजच्या पोरांना सांगत होता, "हे शहरातले लोक काहीही लिहितात. आमच्या गावात कधी भेदभाव नव्हता. सगळे एका ताटात जेवल्यासारखे राहायचे." लिलाबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. म्हाताऱ्यानं त्यांना ओळखलं, नमस्कारही केला आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. पोरं माना डोलवत होती. लिलाबाई उठून घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कामाला गेल्यावर स्वयंपाकघरात पाट घेऊन त्यांनी लिहायला सुरुवात केली.

वर्षभर त्या लिहीत होत्या. एकेका गावाचं एकेक प्रकरण. कुठल्या गावात सुईणीनं विळ्यानं नाळ कापली, कुठे नवऱ्यानं मुलगी झाली म्हणून पाणी द्यायला नकार दिला, आणीबाणीत ऑपरेशनचे आकडे पुरे करायला वरून कसा तगादा यायचा आणि बायका त्यांना बघून शेतात कशा पळायच्या. सगळं सरळ लिहिलं, स्वतःच्या चुकांसह. सगळ्यांत मोठं प्रकरण नांदखेड्याचं होतं.

नांदखेडं ही त्यांची पहिली नेमणूक. एकोणसाठ साल होतं. धुळ्याहून शिकून आलेली पंचविशीची नर्स गावात आली तेव्हा तिची जात कळल्यावर पाटलांच्या वाड्यात कोणी तिला बोलावणार नव्हतं. तोताराम पाटलांच्या बायकोचं, यशोदाबाईंचं, चौथं बाळंतपण होतं. आधीची तिन्ही लेकरं जन्मतानाच गेली होती. या वेळी मूल पायाळू होतं. गावच्या सुईणीनं हात टेकले तेव्हा घरातला गडी धावत लिलाबाईंकडे आला. त्या पुढच्या दारानं आत गेल्या. कोणी अडवलं नाही, कोणाला तेवढं भानच नव्हतं. दिवस कलायच्या आत मूल मोकळं झालं, मुलगा होता आणि रडला. तोताराम ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसले होते, ते उठून उभे राहिले.

लिलाबाई हात धुऊन निघाल्या, तर यशोदाबाईंची सासू पुढच्या दारात उभी होती.

"नरसबाई, अथाईन नको," ती म्हणाली. "गोठामाईन जाय."

ज्या दारानं त्या आल्या होत्या, त्या दारानं परत जायचं नव्हतं. गोठ्यात गडी चहा घेऊन आला, कान तुटलेल्या कपात. कप विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा होता. मागे घरातून झाडण्याचा, सारवण्याचा आवाज येत होता. लिलाबाई चहा प्यायल्या, कारण सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.

पुढे त्या बाळाची नाळ बघायला गेल्या, तर त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं. त्या बाहेरून सांगत राहिल्या की राख लावू नका, शेण तर मुळीच लावू नका. जवळ जाऊन बघते, असं म्हणून त्यांनी एक पाऊल आत टाकलं, तर यशोदाबाईंनी पटकन बाळ पदराखाली ओढून घेतलं. नंतर नाळ पिकली, बाळ तापानं फणफणलं, तेव्हा पुन्हा गडी धावत आला. पुन्हा पुढचं दार उघडं होतं, पुन्हा हात लावायला परवानगी होती. मूल वाचलं. आणि पुन्हा गोठ्यातून बाहेर.

लिलाबाईंनी लिहिलं होतं की सासूचं काही वाटलं नाही, सासू जुनी होती. पदराखाली ओढलेल्या बाळाचं वाटलं. ज्या बाईचे तळवे त्यांनी बाळंतपणात तासन्‌तास चोळले होते, ती बाई होती ती.

वाचलेलं ते मूल म्हणजे पंडितराव पाटील. तोतारामांनी पुढे शिक्षण संस्था काढली, शाळा आणि कॉलेज उभं केलं. ते गेल्यावर पंडितराव तरुण वयातच अध्यक्ष झाले. वाल्मीक त्याच कॉलेजात होता. एप्रिलात त्याला कमी करत आणि जूनमध्ये पुन्हा ऑर्डर देत. सात-आठ वर्षं हे असंच चाललं होतं.

लिहिलेलं घेऊन मायलेक पुण्याला गेले. तिथल्या एका प्रकाशकानं अशा बऱ्याच आत्मकथा काढल्या होत्या, म्हणून वाल्मीकनं त्यालाच गाठलं. प्रकाशक सभ्य होते. त्यांनी सगळं वाचलेलं होतं.

"भाषा छान आहे तुमची," ते म्हणाले. "पण बालपण फार लवकर आटोपलंत."

"त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं," लिलाबाई म्हणाल्या. "वडील भुसावळला रेल्वेत होते. शाळा होती, दोन वेळचं जेवण होतं."

"म्हणजे उपासमार वगैरे?"

"नाही."

"आईचे हाल?"

"आईचे म्हणजे, कामाचे असतील तेवढे. वडील दारू पीत नसत."

प्रकाशकांनी कागद सारखे केले. "असं आहे बाई, वाचकाला हलवणारं काहीतरी लागतं. तुम्ही शिकलात, नोकरी लागली, पगार आला. हे चांगलंच आहे. पण त्याच्या आधीचं दुःख हवं. आठवून बघा. तुमचं नसेल तर वस्तीतलं घ्या. कोण विचारायला येतंय?"

"नांदखेड्याचं वाचलंत का?"

"वाचलं. बरं आहे. पण त्यात तुम्हाला कोणी मारलं वगैरे नाही. चहा दिला, पुढे मूलही वाचलं. म्हटलं तर तो सुखान्तच झाला."

परतीच्या गाडीत लिलाबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. चाळीसगाव सोडल्यावर म्हणाल्या, "माझ्या आईला उपाशी ठेवल्याशिवाय हा माणूस पुस्तक काढणार नाही."

वाल्मीक तेव्हा रागानं तापला होता. "आपणच छापू," तो म्हणाला. "त्यांना कशाला विचारायचं? तुझ्या फंडाचे पैसे आहेत. प्रकाशिका म्हणून तुझंच नाव टाकू. एक अक्षर बदलायचं नाही."

हे त्याचेच शब्द होते. लिलाबाईंनी ते पुढे त्याला कधी ऐकवले नाहीत, पण विसरल्याही नाहीत.

जळगावात झिपरू चौधरींचा छापखाना होता. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल आणि अधूनमधून एखाद्या हौशी कवीचा संग्रह असं तिथे छापून निघायचं. झिपरूभाऊ स्पष्ट बोलणारे होते. "बाई, छापणं माझं काम. विकणं तुमचं," ते म्हणाले. "कवी मंडळी हौसेनं पुस्तक काढतात, पाहुण्यांना वाटतात, उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकतात. मग दर दिवाळीला बायको विचारते, हे कधी काढायचे. तुमची तयारी आहे का?"

"आहे," लिलाबाई म्हणाल्या.

काम सुरू झालं. पहिल्या काही पानांची प्रुफं आली. आपलं लिहिणं छापील अक्षरांत पहिल्यांदा बघितलं तेव्हा लिलाबाईंनी ते पाटावर ठेवलं, हात पदराला पुसले आणि मग वाचायला घेतलं. सुनेनं हे बघितलं होतं. ती नंतर सांगायची की सासूबाईंचा चेहरा इतका उजळलेला तिनं त्यापूर्वी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

मग एका सकाळी झिपरूभाऊ हस्तलिखित घेऊन स्वतःच एरंडोलला आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "बाई, नांदखेड्याचे ते पाटील म्हणजे संस्थेचे अध्यक्षच ना?"

"हो."

"त्यांच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका, अहवाल, सगळं आमच्याकडे असतं. मी नाही म्हणत नाही. फक्त थोडं थांबतो. तुम्ही घरात बोलून घ्या."

घरात बोलायची वेळ पंडितरावांनी येऊ दिली नाही. त्याच आठवड्यात वाल्मीकला अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. पंडितराव उठून उभे राहिले, त्याला खुर्ची दिली.

"सर, आईंचं पुस्तक येतंय म्हणे. आनंद वाटला," ते म्हणाले. "प्रकाशन आपल्या सभागृहात करू. मी स्वतः येईन. शेवटी त्यांच्याच हातचा मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त आजीबद्दल काही आहे म्हणतात. मेलेलं माणूस आहे, उत्तर द्यायला येणार नाही. आणि आमची आई आता थकली. तिला या वयात कशाला त्रास? तुम्ही साहित्याचे माणूस, तुम्हाला मी काय सांगू."

वाल्मीक उठला तेव्हा ते सहज म्हणाले, "जूनच्या ऑर्डरींचं माझ्याकडेच पडून आहे. यंदा दोन जागा कायम करायच्या आहेत. तो विषय वेगळा आहे अर्थात."

संध्याकाळी जेवणं झाल्यावर वाल्मीकनं ऑफिसातलं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आई, नावं बदल."

"नाव बदलून काय होणार?" लिलाबाई म्हणाल्या. "तीन लेकरं गेलेलं घर, पायाळू पोरगा, संस्था काढणारा बाप. असं घर तालुक्यात एकच आहे. दुसरं नाव टाकलं तर ते आणखी भ्याल्यासारखं दिसेल."

"मग ते प्रकरणच काढ. बाकीचं पुस्तक राहतंच ना."

"बाकीचं पुस्तक मी त्या प्रकरणासाठी लिहिलं."

वाल्मीकचा आवाज चढला नाही. तो अगदी हळू बोलला, म्हणून ते जास्त लागलं. "तू सरकारी नोकरीत होतीस. तुला कोणी काढू शकत नव्हतं. मला दर एप्रिलात घरी बसवतात, आणि मी दर जूनमध्ये हात जोडून उभा राहतो. हे तू बघतेस. आणि तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा गोठ्यात बसून त्यांचा चहा पिऊन आलीस. आता तुला पेन्शन आहे, आता तुला बोलायचं आहे, आणि त्याची किंमत मी द्यायची."

सून भांडी घासत होती, तिचा हात थांबला. त्यात खोटं काही नव्हतं, हे लिलाबाईंना ठाऊक होतं.

चार दिवसांनी कोणाला न सांगता त्या बसमध्ये बसल्या आणि धुळ्याला गेल्या. नर्सिंगच्या दिवसांतली त्यांची एक मैत्रीण देवपुरात राहत होती. तिच्या ओळखीनं त्यांना एक छापखाना मिळाला. मालकानं नांदखेड्याचं प्रकरण उभ्या उभ्या वाचलं आणि खांदे उडवले. "माझा काय संबंध त्यांच्याशी?" तो म्हणाला. "नावं तुम्ही लिहिली, जबाबदारी तुमची. आज लिखाण दिलंत तर पुढच्या महिन्यात पुस्तक देतो. तिकडचा छापखाना छापत नसेल तर सोडून द्या."

आता कोणी अडवणारं उरलं नव्हतं. पुस्तक जसंच्या तसं निघू शकत होतं. लिलाबाईंनी थोडा वेळ मागून घेतला आणि एसटी स्टँडवर येऊन बसल्या. एरंडोलच्या दोन गाड्या त्यांनी सोडल्या. वाल्मीकचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता हे खरं होतं. पण तेवढंच नव्हतं. नांदखेड्याचं प्रकरण असेल तर वाल्मीक नको म्हणणार, आणि ते गाळायचं नसेल तर पुस्तकच काढायला नको. हा सरळ मार्ग होता. पुस्तकच काढायचं नाही. सगळं ट्रंकेत टाकून द्यायचं, नंतर कधीतरी बघू. पण छापील प्रुफं त्यांनी पाहिली होती. आपलं नाव असलेलं पुस्तक हातात घ्यायची हाव सुटत नव्हती. पुढे त्या सगळ्यांना सांगत की मी मुलासाठी केलं. सांगताना त्यांना ठाऊक असायचं की हे अर्धंच आहे.

तिसरी गाडी आली तेव्हा त्या चढल्या. मालकाला कागद दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटला होता. लिलाबाईंनी नांदखेड्याची पानं आणली, त्यांची दुसरी प्रत नव्हती, आणि एकेक करून बंबात टाकली. ठेवून दिली असती तर पुन्हा मोह झाला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या जागी त्यांनी अर्धं पान नवीन लिहिलं. पहिल्या नेमणुकीच्या गावी चांगला अनुभव आला, तेथील एका प्रतिष्ठित घरात अवघड बाळंतपणाच्या वेळी सेवेची संधी मिळाली, मूल सुखरूप झालं आणि त्या कुटुंबानं मला नेहमी आपलेपणानं वागवलं. एवढं लिहिलं आणि झिपरूभाऊंकडे पाठवून दिलं.

पुस्तकाचं प्रकाशन संस्थेच्या सभागृहात झालं. स्टेजवर फुलांच्या माळा होत्या, समोर विद्यार्थी, शिक्षक, तालुक्यातले पुढारी. लिलाबाईंना मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून पुढच्या दोन रांगांत आल्या होत्या. त्यांना फार अभिमान वाटत होता. पंडितरावांनी पुस्तकावरचा कागद सोडला आणि भाषणाला उभे राहिले.

"मी या माउलीच्या हातांत जन्मलो," ते म्हणाले. "आमच्या घरात तेव्हाही जात नव्हती, आजही नाही. आमची आजी सोवळ्यातली, पण लिलाबाईंना तिनं लेक मानलं. पुढच्या दारानं त्या आल्या आणि पुढच्या दारानं सन्मानानं गेल्या. बाईंनी पुस्तकात स्वतःच लिहिलं आहे की या घरानं त्यांना आपलेपणानं वागवलं. याहून मोठं प्रमाणपत्र आमच्या घराण्याला काय हवं?"

टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनीही वाजवल्या. लिलाबाई समोरच्या तांब्याकडे बघत होत्या. दाराचा शब्द त्यांनी पुस्तकात कुठेच लिहिला नव्हता. म्हणजे काय गाळलं आहे हे पंडितरावांना नीट माहीत होतं. तो प्रसंग त्यांनी तिथे उलटा करून ठेवला, आणि त्याला साक्षीदार म्हणून लिलाबाईंनाच बसवलं होतं. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसल्या.

कार्यक्रमानंतर पंडितरावांनी आग्रह केला की घरी चहाला यायचंच. गाडी नांदखेड्याला गेली. जुना वाडा पाडून तिथे सिमेंटचं घर झालं होतं, गोठा नव्हताच. दिवाणखान्यात सगळे बसले. थोड्या वेळानं घरातली सून येऊन म्हणाली, "आत्याबाई तुम्हाला आत बोलावताहेत."

यशोदाबाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. गुडघ्यांनी त्यांना जागीच बसवलं होतं. अंग वाळून गेलं होतं, पण नजर तीच. त्यांनी लिलाबाईंचा हात धरून शेजारी बसवलं आणि सुनेला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"माले नातनी तुनं पुस्तक वाची दखाडं," त्या म्हणाल्या. "आख्खं वाची दखाडं. त्यामा मी कोठेच नही शे. मी नही, मनी सासू नही."

"हां," लिलाबाई म्हणाल्या.

"लिखं व्हतं आणि काढी टाकं, का लिखंच नव्हतं?"

"लिखं व्हतं. मंग काढं."

"पंड्यानी काढाले लाया?"

लिलाबाईंनी बंद दाराकडे बघितलं. यशोदाबाईंनी मान हलवली. बाहेरून हसण्याचे, कपबशांचे आवाज येत होते. मग त्यांनी विचारलं, "मी पोऱ्याले पदरखाल लपाडं, ते बी लिखं व्हतं का?"

"ते बी लिखं व्हतं."

यशोदाबाईंचा हात लिलाबाईंच्या हातातच होता, तो त्यांनी काढून घेतला नाही. "मंग ते राहू देवानं व्हतं," त्या म्हणाल्या. "माले ते कधी भुलायनं नही. पंड्याले मी सांगं व्हतं एकदाव. तो म्हणे, माय, तुले काही आठवत नही, तू म्हातारी व्हयनी. मनं आते कोण आयकस? तू लिखेल ऱ्हातं ते ऱ्हाई जातं."

लिलाबाई तिथून उठून बाहेर आल्या. ज्या बाईला त्रास होईल म्हणून सगळ्यांनी त्यांना थांबवलं होतं, तिलाच ते लिहिलेलं हवं होतं. दिवाणखान्यात त्यांच्यासाठी सोनेरी कडेच्या कपात चहा ठेवला होता. तो गार झाला होता. पंडितराव दुसरा मागवतो म्हणाले. त्या नको म्हणाल्या, उशीर झाला म्हणाल्या.

वाल्मीकला त्या जूनमध्ये कायमची ऑर्डर मिळाली. पंडितरावांनी शब्द पाळला, तसे ते शब्दाचे पक्के होते. घरी पेढे आले, लिलाबाईंनीही खाल्ला. पुस्तक संस्थेनं बक्षिसांसाठी घेतलं, त्यामुळे झिपरूभाऊंनी सांगितलेले माळ्यावरचे गठ्ठे काही त्यांच्या वाट्याला आले नाहीत. प्रती संपल्या. पुढे संस्थेनंच दुसरी आवृत्ती काढली, तीत पहिल्या पानावर तोताराम पाटलांचा फोटो टाकला. लिलाबाईंना विचारलं नव्हतं. वाल्मीकला विचारलं होतं, आणि त्याला त्यात काही गैर वाटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी भांडण असं केलं नाही, पण लेकाला जे मनातलं सांगावं ते सांगणं बंद केलं.

दीड वर्षानं यशोदाबाई गेल्या. बातमी ऐकली त्या दुपारी लिलाबाई पुन्हा पाट घेऊन बसल्या. ते प्रकरण परत लिहून काढायचं, छापायचं नंतर बघू, असं त्यांनी ठरवलं. पण पूर्वीसारखं येईना. लिहिलेलं वाचलं की ते कोणीतरी तक्रार अर्ज लिहावा तसं वाटायचं. जिथे अडायचं तिथे पुस्तकातलं ते अर्धं पान पुढे यायचं, सेवेची संधी, आपलेपणा, हे शब्द. पहिल्या वेळी जे आपसूक आलं होतं ते बंबात गेलं होतं. काही दिवस प्रयत्न करून त्यांनी नाद सोडला.

नंतर त्या धुळ्याला राहायला गेल्या, देवपुरात मैत्रिणीच्या शेजारी एक खोली घेऊन. वाल्मीक महिन्याकाठी येऊन जायचा. सत्त्याण्णव साली तिथे लता नावाची एक मुलगी त्यांना शोधत आली. ती खानदेशातल्या बायकांच्या आत्मकथांवर पीएच.डी. करत होती. पिशवीत लिलाबाईंचं पुस्तक होतं, दुसरी आवृत्ती. मुलगी हुशार होती आणि प्रश्न नेमके विचारत होती.

"नांदखेड्याबद्दल तुम्ही अगदी थोडकं लिहिलंय," ती म्हणाली. "बाकीच्या गावांची एवढी मोठी प्रकरणं आणि पहिल्या नेमणुकीचं अर्धं पान. असं का?"

लिलाबाईंनी तिला सगळं सांगितलं. पुढचं दार, गोठा, कान तुटलेला कप, पदराखालचं बाळ, पुणं, झिपरूभाऊ, बंब, यशोदाबाई. इतक्या वर्षांत एवढं सलग त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. लता भराभरा लिहून घेत होती. मग तिचा हात मंदावला आणि थांबला.

"आजी, मी हे लिहिलं तर सर पुरावा विचारतील," ती म्हणाली. "पुस्तकात तुम्हीच लिहिलंय की त्यांनी आपलेपणानं वागवलं. संदर्भ द्यायला छापील लागतं. आणि तुमचं छापील तर हे आहे."

"ते मी लिहिलंय," लिलाबाई म्हणाल्या. "तेही खरं आहे की मीच लिहिलंय."

"मग मी कोणतं धरू?"

"मला विचारशील तर आत्ता सांगितलं ते धर," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या जागी मी असते तर छापलेलं धरलं असतं. तुलाही नोकरी लागायची आहे."

लता ओशाळली. दोन्ही लिहीन म्हणाली, तळटीप तरी देईन म्हणाली. लिलाबाईंनी तिला चहा केला, कोपऱ्यापर्यंत सोबत जाऊन रिक्षात बसवून दिलं. त्या मुलीचा प्रबंध झाला की नाही, झाला तर त्यात काय आलं, ते लिलाबाईंना कधी कळलं नाही. त्यांनी चौकशीही केली नाही.